गाडी उलाळ होऊ देऊ नका: बॅटरीच्या गोल्फगाडीबरोबर पहिले अठरा होल

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. घरी बैलगाडी होती तेव्हा आजोबा भाताच्या पेंढ्या भरताना एकच शब्द चार वेळा ओरडायचे, "उलाळ!" मागं वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला आवळ बसतो. हा शब्द पुन्हा कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. सत्तावन्नाव्या वर्षी बेळगावात गोल्फ शिकायला लागलो, खांदा दुखतो म्हणून बॅटरीवर चालणारी ढकलगाडी घेतली आणि पहिल्याच चढाला तिचं पुढचं चाक हवेत गेलं. सोबतचा कॅडी, म्हणजे मैदानावर खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस, शांतपणे म्हणाला, "काका, उलाळ झालीय बघा." तो बेळगुंदीकडचा. त्याच्याही घरी बैलगाडी असणार.

तेव्हापासून नवीन कुणी विचारलं की मी हेच सांगतो. बटणं नंतर शिका, आधी गाडीचं वजन आणि जमिनीचा उतार समजून घ्या.

ही गाडी नेमकी कुठली

दोघं बसून जातात ती पांढरी छपराची गाडी वेगळी. इथं बोलतोय ते तीन किंवा चार चाकांच्या घडीच्या गाडीबद्दल. तिच्यावर गोल्फची बॅग आडवी-तिरकी बांधायची, हँडलपाशी बटण किंवा गोल चकती असते, ती फिरवली की मागच्या चाकांना मोटर गती देते आणि आपण शेजारून चालायचं. चालणं वाचत नाही. अठरा होल म्हणजे एक पूर्ण खेळ, त्यात सरासरी 8 ते 10 किलोमीटर चाल, चेंडू शोधत रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, भटकलात तर जास्तच. वाचतं ते 10-12 किलोंची बॅग खांद्यावरून वाहणं. पन्नाशीनंतर हा फरक चौदाव्या होलला कळतो. तिथवर खांदा शाबूत असला तर हातही शाबूत राहतो.

साधारण तीन तऱ्हा मिळतात. पहिली, हँडलवरून वेग ठरवायची. दुसरी, रिमोटवर चालणारी, ती तुमच्या पुढं जाते. तिसरी, तुमच्या मागं आपोआप येणारी. याशिवाय साध्या ढकलगाडीला मागून लावायचं मोटरचं जोडकाम मिळतं, अल्फार्ड कंपनीचं क्लब बूस्टर हे त्यातलं ओळखीचं नाव. नवख्यानं पहिली तऱ्हा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. रिमोटची गाडी म्हणजे नवीन सायकल शिकणाऱ्याला बुलेट दिल्यासारखं. चेंडूकडं लक्ष, चेंडू मारायच्या काठीकडं लक्ष, वाऱ्याकडं लक्ष, त्यात वीस पावलं पुढं धावणारी गाडी सांभाळायची. नकोच ते.

घेताना बॅटरी बघा, रंग नंतर

जुनी, स्वस्तातली गाडी बघायला गेलात तर बहुतेक वेळा शिशाची बॅटरी निघेल. ती 9-10 किलोंची असते. म्हणजे खांद्यावरची बॅग गेली आणि मोटारीच्या डिकीत चढवायला दुसरं ओझं आलं. लिथियमची तीनेक किलोंची असते. महाग असते, पण कंबरेच्या दृष्टीनं तीच परवडते.

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर. 12.8 व्होल्ट आणि 18 अँपिअर-अवर असेल तर 230 वॅट-अवर झाले. एक युनिट वीज म्हणजे 1000 वॅट-अवर, तेव्हा एकदा पूर्ण चार्ज करायला चार्जरमधली नासधूस धरून पाव युनिटाच्या जरा वर वीज लागते. वीजबिलाची काळजी करणाऱ्या घरच्या मंडळींना हे गणित करून दाखवा, मी दाखवलं होतं.

हाच गुणाकार आणखी एका ठिकाणी कामाला येतो. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं बेंगळुरूला खेळायला जायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, 160 वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही, हातातही नाही आणि सामानातही नाही. 100 ते 160 च्या मधली असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. गोल्फगाडीच्या बऱ्याच बॅटऱ्या यात बसत नाहीत. म्हणजे रेल्वे नाहीतर स्वतःची मोटार.

घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचाराच. बॅटरी वेगळी विकत मिळते का, चार्जर बिघडला तर दुसरा कुठून येणार, आणि गाडीची घडी घातल्यावर लांबी-रुंदी किती. तिसऱ्यासाठी टेप घेऊन आपल्या डिकीचं माप आधी काढून ठेवा. एका ओळखीच्यांनी हे केलं नाही. महिनाभर ते मागचं सीट पाडून गाडी आणत होते आणि वहिनी पुढच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसायच्या.

घरीच जोडून बघा

मैदानात पहिल्यांदा गाडी उघडू नका. मागून खेळत येणारे चौघंजण खोळंबलेले असतात आणि घाम फुटतो. घरी, अंगणात, सावकाश उघडा.

आधी सांगाडा उघडून खटके पूर्ण बसलेत ना ते हातानं हलवून बघा. मग चाकं. इथं एक गंमत आहे जी माहितीपुस्तकात बारीक अक्षरात असते. बऱ्याच गाड्यांची मागची चाकं डावी आणि उजवी अशी ठरलेली असतात. उलटी बसवली तर मोटर फिरल्याचा आवाज येतो, गाडी मात्र जागची हलत नाही किंवा वेडीवाकडी चालते. चाकाच्या आतल्या बाजूला खूण असते, ती बघा. दुसरं, त्याच दांड्यावर चाक बसायच्या दोन खाचा असतात. आतल्या खाचेत चाक मोटरला जोडलेलं असतं, बाहेरच्या खाचेत ते मोकळं फिरतं. बाहेरची खाच कुठं आहे ते आजच बोटानं चाचपून ठेवा. बॅटरी वाटेत संपली की तीच तुम्हाला घरी आणते. काही गाड्यांत खाचेऐवजी मोकळं करायचा खटका असतो, काम तेच.

बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची आणि काढताना सगळ्यात आधी काढायची. जोडण्याआधी वेगाची चकती शून्यावर आहे ना ते बघा, नाहीतर गाडी तुळशीवृंदावनाला जाऊन भेटते.

हँडलची उंची अशी लावा की कोपर थोडा वाकलेला राहील. हँडल खाली राहिलं तर आपण वाकून चालतो, आणि ज्या पाठीसाठी एवढा खर्च केला तीच दुखायला लागते.

बॅग भरणं: इथं उलाळ

आता मूळ मुद्दा. मोटर मागच्या चाकांना जोर देते. चढावर आधीच भार मागं सरकतो, त्यात बॅगेच्या वरच्या कप्प्यांत पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री, डबा आणि डझनभर चेंडू कोंबलेत तर पुढचं चाक उचललं जातं. उतारावर उलटं, भार पुढं येतो आणि मागची चाकं हलकी होऊन घसरतात.

म्हणून जड वस्तू खाली, बॅटरीच्या जवळपास. चेंडू खालच्या कप्प्यात. पाण्याची एकच बाटली हाताशी, दुसरी खाली. नियमानं जास्तीत जास्त 14 काठ्या नेता येतात, पण त्या सगळ्या न्याव्यात असं नियम म्हणत नाही. शिकताना सात-आठ पुरतात, मी वर्षभर आठांवरच खेळलो. बॅगेचे कप्पे वरच्या बाजूला येतील अशी ठेवा आणि वरचा-खालचा दोन्ही पट्टे ओढून आवळा. पाय असलेली बॅग असेल तर गाडीवर तिचे पाय मध्येच उघडतात, ते एका जादा पट्ट्यानं बांधून टाका. बॅग ठेवल्यावर हँडल धरून गाडी दोन्ही बाजूंना हलकेच कलती करून बघा. एका बाजूला ओढ लागली तर वजन मध्यावर नाही.

सरळ रस्त्यावर गाडी सारखी डावीकडं जाते अशी तक्रार नवीन माणूस हमखास करतो आणि मोटरला दोष देतो. दहापैकी आठ वेळा बॅग वाकडी बसलेली असते. उरलेल्या वेळी हवेच्या टायरमध्ये एका बाजूची हवा कमी असते, नाहीतर पुढच्या चाकाची दिशा लावायचा स्क्रू सैल झालेला असतो.

काही गाड्यांबरोबर मागं लावायचं एक छोटं जादा चाक येतं, चढावर गाडी उताणी पडू नये म्हणून. ते खोक्यातच ठेवणारे बहाद्दर मी पाहिलेत. लावा ते.

काठी न घेता एक संध्याकाळ

पहिली संध्याकाळ फक्त गाडी चालवायची. भरलेली बॅग बांधून जवळच्या मोकळ्या पटांगणावर किंवा गावाबाहेरच्या कच्च्या वाटेवर अर्धा तास. वेग आपल्या चालीपेक्षा किंचित कमी ठेवा. गाडी आपल्याला ओढतेय असं वाटलं तर वेग जास्त आहे. हँडल घट्ट धरायची गरज नाही, बोटं टेकवली तरी पुरे. वळवताना हँडल जरा खाली दाबलं की पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी जागेवर वळते.

मग उतार शोधा. आपल्याकडं त्याची कमी नाही. बेळगाव सपाट दिसतं, पण गाडी घेऊन चाललं की कळतं. उतारावरून खाली येताना गाडी स्वतः वेग धरते की धीमी राहते ते बघा. उतारावर आपोआप ब्रेक लागणारी गाडी असेल तर निश्चिंत, नसेल तर हँडल मागं धरून यावं लागतं. थांबताना गाडी उताराला आडवी उभी करा आणि ब्रेक लावा. ब्रेक नसलेली गाडी उताराच्या दिशेनं तोंड करून सोडली तर ती तुमची वाट बघत नाही.

आडव्या उतारावरून जायची वेळ आली तर आपण नेहमी वरच्या अंगाला चालायचं. तीन चाकांची गाडी कलंडली तर खालच्या बाजूला कलंडते, तिथं आपला पाय नको. फार तीव्र उतार असेल तर आडवं जाऊच नका, सरळ चढा किंवा वळसा घाला.

एक बटण असतं, गाडीला दहा-वीस-तीस मीटर पुढं पाठवायचं. आपण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, खेळत असताना गाडी पुढच्या टीकडं, म्हणजे पुढचा होल सुरू करायच्या जागेकडं, जाऊन थांबते, फार सोयीचं वाटतं. मी एकदा तीस मीटर दिले आणि स्कोअरकार्ड लिहीत राहिलो. पुढं पावसाच्या पाण्याचा चर होता. गाडी शिस्तीत तीस मीटर गेली, त्यातले शेवटचे चार चरात. हँडलचा पाइप वाकला. बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, लेथ चालवणारी, पाइप वाकवणारी माणसं आहेत म्हणून दोन दिवसांत दुसरा पाइप बसला, नाहीतर परदेशातून सुटा भाग यायची वाट बघत बसलो असतो. पहिले तीन महिने ते बटण नाही असं समजा.

मैदानात

गेटवर आधी विचारा, स्वतःची गाडी चालते का आणि कॅडी घेणं सक्तीचं आहे का. भारतात बऱ्याच मैदानांवर कॅडी घ्यावाच लागतो. मी तर म्हणतो सक्ती नसली तरी घ्या. गाडी बॅग वाहते, पण चेंडू कुठं पडला ते ती सांगत नाही, आणि या ग्रीनवर पाणी कुठल्या बाजूला निघतं हेही नाही. चेंडू कुठं पडतो ते बघायला कॅडीला पुढं उभं करा, त्याचे पूर्ण पैसे द्या, बॅगेचं ओझं नाही म्हणून कापू नका. माझी निम्मी अक्कल त्या पोरांकडून आलीय.

गाडी कुठं न्यायची नाही ते पक्कं ठरलेलं असतं. ग्रीनवर नाही, टीवर नाही, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, काठावर नाही. आपल्याकडच्या काही लहान मैदानांवर हिरवळीच्या ग्रीनऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूचे ब्राऊन असतात, तिथं तर चाकाचा माग दिवसभर राहतो. ग्रीनपाशी पोचलात की गाडी पुढच्या टीच्या बाजूला उभी करा आणि मगच पटर, म्हणजे ग्रीनवर वापरायची काठी, घेऊन जा. नवखा माणूस हमखास गाडी ग्रीनच्या अलीकडं सोडतो, होल संपल्यावर ती आणायला मागं येतो आणि मागच्या चौघांना तेवढा वेळ तिष्ठत ठेवतो.

नियमांत गाडीशी संबंधित दोन गोष्टी पुरेत. तुम्ही मारलेला चेंडू चुकून तुमच्याच गाडीवर आपटला तर 2019 पासून दंड नाही, जिथं थांबेल तिथून खेळा. चेंडू अडावा म्हणून मुद्दाम गाडी उभी केलीत तर मात्र दंड आहे. आणि गाडी ढकलत असताना थांबलेल्या आपल्या चेंडूला धक्का लागून तो हलला तर एका फटक्याचा दंड, चेंडू मूळ जागी ठेवायचा. चेंडू शोधत असताना चुकून हलला तर दंड नाही. म्हणून रफमध्ये चेंडूच्या आसपास पोचलात की गाडी पाच-सहा पावलं लांब थांबवा आणि पायी शोधा.

शोधत फार आत जाऊ नका, हेही सांगून ठेवतो. ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावच्या जाधवनगरात दिसलेला बिबट्या आपल्याच गोल्फ मैदानाच्या झाडीत दडून बसला होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि त्याला शोधायला हत्ती आणले होते. चेंडू दुसरा मिळतो.

पाऊस, लाल माती, वीज

जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. लाल चिकट माती चाकाला बसते, चाक आणि सांगाड्याच्या फटीत भरते, मोटर जास्त वीज ओढायला लागते आणि अठरा होल पुरणारी बॅटरी तेराव्यालाच मान टाकते. खिशात बांबूची चपटी काडी ठेवा, दर तीन-चार होलांनी माती खरवडा. काट्याकाट्यांची प्लॅस्टिकची चाकं मिळतात, चिखलात ती रबरी टायरपेक्षा बरी. पण फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनच्या मधली कापलेली हिरवळ, फार भिजला असेल तर गाडी नेऊच नका. तुमच्या चाकांच्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत दिसतील आणि माळी लोक तुमचं नाव काढतील.

गाडी पावसाचे शिंतोडे सोसते, पाण्याचा फवारा नाही. सर्व्हिसिंग सेंटरवर मोटरसायकलीबरोबर तिलाही प्रेशरनं धुवून घेण्याचा मोह होतो. बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं, हँडलमधल्या बटणांत पाणी शिरतं. माती वाळू द्या, ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसा. बॅटरीचं तोंड आणि तिची जोडणी कोरडी पाहिजे.

एप्रिल-मेमधला वळीव जास्त धोक्याचा. दुपारी ढग भरले आणि पहिला गडगडाट ऐकू आला की खेळ तिथंच थांबवा. वीज असेल तर खेळाडूला स्वतःहून थांबायची मुभा नियमातच आहे, कुणाची परवानगी लागत नाही. गाडी आणि काठ्या तिथंच सोडून पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली नाही. गाडी भिजेल म्हणून मागं वळणारा माणूस मी बघितलाय, त्याला कॅडीनं हाताला धरून ओढत आणलं.

घरी आल्यावर

बॅटरी काढून घरात आणा. डिकीत राहू देऊ नका, मे महिन्याच्या उन्हात बंद मोटार म्हणजे भट्टी. शिशाची असेल तर त्याच संध्याकाळी चार्जला लावा, रिकामी ठेवली की ती आतून खराब होत जाते. आणि मोकळ्या हवेत लावा, कपाटात नाही. लिथियम असेल तर आधी थंड होऊ द्या, मग लावा. पावसाळ्यात दोन महिने खेळणार नसाल तर लिथियम पूर्ण भरूनही ठेवू नका, रिकामीही नको, निम्म्याच्या आसपास ठेवा आणि मधे एकदा बघा. शिशाची मात्र भरलेलीच ठेवायची. चार्जर त्या बॅटरीचाच वापरा, पिन बसते म्हणून इन्व्हर्टरचा नाही.

रात्री लाइट गेली आणि सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली निघाली, असं होणारच. तेव्हा नऊ होल खेळा. शिशाची बॅटरी म्हाताऱ्या बैलासारखी असते, हळूहळू दमते, चाल मंदावते, तुम्हाला कळतं. लिथियम शेवटपर्यंत तरतरीत चालते आणि अचानक बसते, आतलं सर्किटच ती बंद करतं. दिव्यांवर फार विश्वास ठेवू नका, चढ जास्त असलेल्या मैदानावर किती होल पुरते ते स्वतः दोन-तीनदा मोजून वहीत लिहा.

आणि बसलीच वाटेत, तर अंगणात बोटानं चाचपलेली ती बाहेरची खाच आठवा. बॅटरी काढा, दोन्ही चाकं बाहेर ओढून मोकळी करा, जड सामान खालीच राहू द्या आणि साध्या ढकलगाडीसारखी ढकलत आणा. चढ आला तर कॅडीला पुढून हात लावायला सांगा. माझा कॅडी अशा वेळी तोंडानं बैलाला हाकतात तसा आवाज काढतो. बैल कोण, ते मी विचारत नाही.